चुकलेली डिस्क कुठे पडते

फिनलंडमधल्या एस्पोतल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी अकराला होते आणि सव्वाअकराला डिस्क गोल्फमधल्या पटिंगवरून, म्हणजे बास्केटमध्ये डिस्क टाकायच्या जवळच्या फेकीवरून, वाद सुरू होतो. एक टेबल स्पिनवाल्यांचं, एक पुशवाल्यांचं. एरवी ही फिनिश मंडळी दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलतात. पण डिस्क मनगटातून सोडायची की हाताने ढकलायची, हा विषय निघाला की कॉफी गार होईपर्यंत थांबत नाहीत. मी दोन्ही टेबलांवर बसून झालंय, दोन्ही पद्धतींनी फेकूनही झालंय. आता माझं स्वतःचं एक मत झालंय आणि ते दोन्ही टेबलांना पटत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पट, म्हणजे ही जवळची फेक, आत कसा जातो हे बघून शैली निवडू नये. बसलेला पट कुठल्याही शैलीत देखणाच दिसतो. चुकलेला कुठे जाऊन पडतो ते बघावं.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. गोल्फच, फक्त चेंडू-काठीच्या जागी डिस्क. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, शेवटी साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची, आणि कमीत कमी फेकींत हे सगळं उरकायचं. साखळ्यांचं काम डिस्कचा वेग खाऊन टाकणं. वेग मेला की डिस्क खालच्या टोपलीत पडते. वरच्या झाकणावर जाऊन बसली तर धरत नाहीत, मग ती कितीही ऐटीत बसलेली असो. ही बास्केट एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांची. आज आपण जी फ्रिस्बी ओळखतो तिला तो आकारही त्यांनीच दिला. 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स झाला आणि साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्यांना 1977 मध्ये मिळालं. 2002 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या गेल्या. हे मी मिरजेला आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "का गं, तिकडे नदी नव्हती का?"

फिनलंडमध्ये पहिला कोर्स हेलसिंकीतल्या मेइलाहतीला झाला, 1983 मध्ये. आता गावोगाव आहेत आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. बारा-पंधरा युरोंचा एक पटर, म्हणजे पटिंगची डिस्क, घेतला की सुरुवात होते. मीही तशीच केली. लांब फेकणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही बेताचंच जमतं. त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण माझ्या वयाच्या बायकांना स्कोअर सुधारायला जागा असते ती बास्केटपासून दहा मीटरच्या आत. या दहा मीटरच्या वर्तुळाला सर्कल वन म्हणतात आणि इथे नियम वेगळा आहे. डिस्क सोडल्यावर मार्करच्या, म्हणजे डिस्क पडली तिथे ठेवलेल्या खुणेच्या, मागे तोल सावरून दाखवायचा, मगच पुढे पाऊल टाकायचं. दहा मीटरच्या बाहेर उडी मारत, झोक्यात पुढे जात फेकलं तरी चालतं. आत नाही. शैलीचा प्रश्न खरा इथेच येतो, कारण अंगाचा जोर वापरायला मिळतो तो पाय जागेवर ठेवूनच.

आता दोन शैली. पुशमध्ये डिस्क खाली मांडीजवळ नेतात. कोपर जवळजवळ सरळ, मनगट गप्प. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येतं आणि त्याच लाटेवर हात वर उचलला जातो. डिस्कला फिरकी कमी मिळते. ती उचलून जाते आणि वरून साखळ्यांत उतरते. बोटं डिस्कच्या तळाशी पंख्यासारखी पसरलेली, तर्जनी कडेला, अंगठा वर. सोडताना बोटं ताठ उघडतात आणि डिस्क तळहातावरून निसटते. सगळी मदार पायांवर. अंतर वाढलं की पाय जास्त वापरायचे, हात तेवढाच.

स्पिनमध्ये डिस्क पोटाशी किंवा छातीशी येते, कोपर दुमडतं, मग हाताचा पुढचा भाग उघडतो आणि शेवटी मनगट आणि बोटं एक झटका देतात. डिस्क सपाट निघते, जोरात फिरते आणि रेघ धरून जाते. फिरकीमुळे वाऱ्यात टिकते. पुशची हळू, नाक वर करून चाललेली डिस्क समोरून वारा आला की उचलली जाते आणि बास्केटवरून निघून जाते. मागून वारा असला तर दोन्ही शैलींत डिस्क खाली बसते, तेव्हा नेम वर धरायचा.

मधली एक जातही आहे, थोडा पुश थोडा स्पिन. इंग्रजीत तिला 'स्पुश' म्हणतात आणि खरं तर बहुतेक लोक तिथेच कुठेतरी असतात. 2016 आणि 2017 चा जगज्जेता रिकी वायसॉकी बघा, त्याची डिस्क उंच कमान करून वरून उतरते. ईगल मॅकमहोन बघा, त्याची सपाट सुटते आणि साखळ्यांवर आदळते. दोघंही जगातल्या पहिल्या फळीतले. त्यामुळे "चांगली शैली कुठली" हा प्रश्न यूट्यूबवर सुटत नाही. तिथे फक्त बसलेले पट दिसतात.

चुकांकडे येऊ. पुशमध्ये चूक साधारणपणे अंतराची होते: कमी पडली, जास्त गेली, टोपलीच्या पत्र्यावर टण्ण करून आपटली. आणि चुकली तरी ती बास्केटच्या पायाशी पडते, कारण वेग नसतो. पुढचा पट हातभर अंतरावरून. स्पिनमध्ये चूक दिशेची होते, कारण हात डावीकडून उजवीकडे उघडत असतो आणि डिस्क कुठल्या क्षणी सुटते त्यावर सगळं ठरतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याची लवकर सुटली तर डावीकडे, उशिरा सुटली तर उजवीकडे. आणि साखळी लागली नाही तर ती थांबत नाही. पाच-सहा मीटर पुढे, उतार असेल तर कडेवर उभी राहून घरंगळत त्याहूनही लांब. म्हणजे कागदावर हिशेब सोपा: पुश घ्या, चूक स्वस्त पडते. ऑफिसातलं पुशचं टेबल हेच सांगतं आणि नवख्या माणसाला मीही आधी हेच सांगेन.

पण हा हिशेब सरासरी माणसाचा झाला, आणि सरासरी माणूस कोर्सवर मला अजून भेटलेला नाही. प्रत्येकाचा हात आधी काहीतरी शिकून आलेला असतो. माझा रिंगटेनिस शिकून आलाय. मिरजेत शाळेच्या मैदानावर, दोन खांबांमध्ये जाळी बांधून, रबरी रिंग. मुलींच्या शाळांत त्या काळी क्रिकेटची किट नसायची, रिंगा मात्र पोतंभर असायच्या. आमच्या बाई एकच गोष्ट सारखी ओरडायच्या: "रिंग थरथरता कामा नये!" रिंग हवेत डगमगली की त्या शिट्टी वाजवून गुण काढून घ्यायच्या. त्यामुळे पोटाशी धरून मनगटातून सपाट सोडायची सवय माझ्या हाताला लग्नाच्या, नोकरीच्या, व्हिसाच्या फार आधीपासूनची. पुशमध्ये मनगट गप्प ठेवायचं म्हणजे त्या हाताला सांगायचं, की बाबा रे, तुला जे एकच येतं ते करू नकोस.

तरी मी पुश मनापासून केला. आणि तेव्हा एक सवय लावून घेतली, जी मी आता कोणालाही सांगते: डिस्क वेचायला जाण्याआधी जमिनीकडे बघायचं. किती बसल्या ते मोजायचं नाही, न बसलेल्या कुठे पडल्यात ते बघायचं. सात मीटरवरून सगळे पटर टाकून झाले की दोन मिनिटं तिथेच उभं राहायचं. पुशनंतर माझ्या चुकलेल्या डिस्क चहूकडे असायच्या. एक टोपलीच्या अलीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे पार झुडपात, एक मागे. पाय एक वेळ साधायचे, हात दुसरी, आणि मनगट मधूनच जुनी खोड काढायचं. बसणाऱ्यांची संख्या वाईट नव्हती हो, पण चुकांना घाट नव्हता. स्पिनला आले तर चुकलेल्या डिस्क जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला: उजवीकडे, जरा पलीकडे, एखाद्या चटईवर मावतील इतक्या जवळजवळ. बसल्या दोन्हींत साधारण सारख्याच. पण एका जातीची चूक ही दुरुस्त करता येते, निदान तिच्यासाठी तयारी तरी करता येते. चार जातींच्या चुकांचं काय करणार? सोमवारी पाय सुधारा, मंगळवारी मनगट, बुधवारी पुन्हा पाय.

तेव्हा ठरलं. स्पिन.

उजवीकडे का जातात याचं उत्तरही त्या चटईतच होतं. रिंगटेनिसमध्ये रिंग सोडल्यावर हात अंगाबाहेर पूर्ण उघडतो, कारण समोरचीला चकवून कोपऱ्यात टाकायची असते. पटिंगमध्ये हात बास्केटकडे थांबायला हवा. म्हणून मी आता एकच गोष्ट बघते: सोडल्यावर बोटं कुठे दाखवतायत. बास्केटच्या खांबाकडे दाखवत असतील तर ठीक, शेजारच्या बर्चच्या झाडाकडे दाखवत असतील तर डिस्क तिथेच गेलेली असते. नेम मात्र खांबाच्या किंचित उजव्या साखळ्यांवर धरते. उजव्या हाताची डिस्क शेवटी वेग उतरल्यावर डावीकडे झुकते, आणि उजव्या अंगाने आलेली डिस्क खांबाला लपेटते. डाव्या कडेच्या साखळ्यांतून ती पुष्कळदा आरपार निघून जाते. "बास्केटकडे बघ" एवढं पुरत नाही. एक साखळी, त्या साखळीतली एक कडी, तिच्यावरचा गंज दिसेपर्यंत बघायचं.

हे सगळं उन्हाळ्याचं झालं. इकडे डिसेंबरात दिवसाचा उजेड सहा तासही नसतो आणि ते सहा तास ऑफिसात जातात, त्यामुळे सराव डोक्याला दिवा बांधून. थंडीत पटरचं स्वस्त प्लास्टिक पितळी ताटलीसारखं कडक होतं आणि बोटांतून आधीच सटकतं, म्हणून हिवाळ्यासाठी एक मऊ पटर वेगळा. फेकायचा हात खिशात, खिशात गरम पुडी, हातमोजा फक्त डाव्या हातात. इथे स्पिनवाल्यांना एक अडचण येते जिच्याबद्दल कोणी बोलत नाही: जॅकेट. डिस्क पोटाशी आणायची तर पोटावर आधीच तीन थर असतात. कड चेनला घासते आणि निघतानाच डिस्क वाकडी होते. मी डिस्क पोटाऐवजी जरा खाली, डाव्या खिशापाशी आणायला लागले. थोडं पुशकडे झुकलं म्हणा. पुशवाल्यांची अडचण पायाखाली. बर्फ घट्ट झालेला असेल तर मागच्या पायाने रेटा देता येत नाही, बूट सरकतो. त्या दिवसांत ती मंडळी स्ट्रॅडलवर येतात, म्हणजे दोन्ही पाय फाकवून बास्केटसमोर सरळ उभं राहायचं. मीही झाडाआडून पट टाकायचा असला की स्ट्रॅडलच करते, कारण अंग बाजूला काढता येतं. तेवढ्यासाठी तरी ते प्रत्येकाला यावं.

सरावाचं म्हणाल तर इकडे 'युली' (Jyly) नावाचा एक खेळ फार चालतो. पाच पटर घ्यायचे, दहा मीटरवरून सुरू करायचं. पाचांपैकी जितके बसतील त्यावर पुढचं अंतर ठरतं: पाचही बसले तर पुन्हा दहा मीटर, चार बसले तर नऊ, तीन तर आठ, असं करत एकही नाही बसला तर पाच मीटर. प्रत्येक बसलेल्या पटाला जितके मीटर तितके गुण. वीस फेऱ्या. सगळं बसलं तर हजार. माझा आकडा मी इथे लिहिणार नाही, ऑफिसातली मंडळी गूगल ट्रान्सलेट वापरतात.

खेळ चांगला आहे. एकाच जागेवर उभं राहून हाताला अंतराची चटक लागते आणि कोर्सवर तसलं अंतर कधी येतच नाही, ती खोड याने मोडते. चुकायला लागलं की आपोआप जवळ आणतो, त्यामुळे हात निराश होत नाही. पण माझ्या मते त्यात एक मोठं भोक आहे. चुकलेल्या डिस्कचं तो काहीच करत नाही. ती जिथे पडली तिथून उचलायची आणि पुढच्या फेरीला जायचं. कोर्सवर तसं होतं का? तिथे चुकलेली डिस्क जिथे पडली तिथूनच पुढचा पट टाकायचा असतो, आणि हातातून एक संधी गेल्याचा राग डोक्यात असताना. म्हणून मी माझ्यापुरता नियम बदललाय: चुकलेली प्रत्येक डिस्क पडल्या जागेवरून आत टाकायची. मार्कर ठेवून, तोल सावरून, सगळं रीतसर. ती चुकली तर तिचे गुण वजा.

याने खेळ दुप्पट वेळ खातो आणि जरा अपमानास्पदही होतो. पण स्पिन निवडल्यावर हे ओघानेच आलं. माझी चूक पाच-सहा मीटर पलीकडे, उजव्या अंगाला जाऊन पडते हे मला माहीत आहे. म्हणजे माझ्या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा पट दहा मीटरचा नाहीच, तो पलीकडून परतीचा पाच मीटरचा आहे. अव्वल पुरुष खेळाडूसुद्धा दहा ते वीस मीटरच्या पट्ट्यातून तीनातले दोन पट चुकवतात. ते तिथून बिनधास्त टाकू शकतात, कारण परतीचा पट ते जवळपास चुकवतच नाहीत. आम्ही हौशी माणसं उलटं करतो. लांबचे पट टाकत बसतो, कारण ते बसले की साखळ्या मोठ्याने वाजतात.

2025 च्या उन्हाळ्यात प्रो वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदाच युरोपात आली, तीही टँपेरे-नोकियाला, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने दोन तासांवर. नवरा आणि लेक सामने बघत फिरत होते, मी बराच वेळ सरावाच्या बास्केटपाशी उभी. सुरुवात प्रत्येकाची निराळी. कोणी डिस्क तीनदा झुलवणार, कोणी एकदाही नाही. कोणी गुडघ्यापर्यंत खाली नेणार, कोणी छातीवरूनच. पण डिस्क सुटल्यावरचा हात बघितला तर सगळ्यांचा एकच: सरळ, बोटं उघडी, बास्केटकडे, आणि डिस्क साखळीत पडेपर्यंत तिथेच. आणि मला हवं होतं ते दृश्यही दिसलं. डिस्क वेचायला जाताना ते चुकलेल्या डिस्कपाशी क्षणभर थांबत. एक मुलगी तर चुकलेल्या दोन डिस्कमधलं अंतर पावलांनी मोजून आली. लेकीला म्हटलं, "बघ, बघ." ती म्हणाली, "आई, ती बहुतेक फोन शोधतेय."

लेक टर्बो पट टाकते. अंगठा डिस्कच्या तळाशी मधोमध, बाकीची बोटं कडेवर, डोक्याच्या उंचीवरून, वेटर ट्रे नेतो तशी धरून फेकायची. बघायला अगदी थिल्लर, आणि चार मीटरच्या आत तिचा चुकतच नाही. तिच्या चुका जमिनीवर कुठे पडतात ते बघायला गेले तर बघण्यासारखं काही पडलेलंच नसतं. तिच्या शैलीबद्दल माझं सध्या काहीही मत नाही.

कोणी या उन्हाळ्यात इकडे येणार असेल तर एस्पोतल्या ओइत्ताच्या कोर्सवर भेटू. माझ्याकडे जास्तीचे पटर आहेत. पहिल्या दिवशी मी शैली वगैरे काही सांगणार नाही, पाच मीटरवरून वाटेल तसं टाकायला लावीन आणि तुमच्या डिस्क मी वेचीन.